चारुदत्तकाकांची पहाडी बकरी

अमेरिकेतल्या ट्रॉयच्या आमच्या मराठी मंडळात चारुदत्तकाकांसमोर जंगलाबद्दल बोलायची कोणाची टाप नव्हती. मोटारींच्या ब्रेकमध्ये उभा जन्म काढलेला हा माणूस रिटायर झाला, त्याने हातभर लेन्स घेतली आणि रातोरात निसर्गतज्ज्ञ झाला. २००६च्या गणपतीसाठी त्यांनी स्लाइड शो जाहीरच करून टाकला: 'दुर्मीळ पहाडी बकरी, तिच्या नैसर्गिक अधिवासात'. बकरी त्यांनी तोवर पाहिलेली नव्हती. बाजारात तुरी, दुसरं काय!

मग मोंटानाला जाणं आलं. गाडी चालवायला मी, डबे भरायला शैलजाकाकू.

"ही बकरी नव्हेच," काका रस्ताभर शिकवत होते. "शेळी आणि हरीण यांच्या मधलं काहीतरी. कडेकपारीत राहते. तिथे आवाज चालणार नाही. आणि चिवडा तर अजिबात नाही!"

खिंडीतली रेंजर बाई म्हणाली, बकऱ्या पार्किंग लॉटमध्येच येतात, मिठाला सोकावल्यात. काका भडकले. "पार्किंग लॉट हा काय अधिवास झाला?"

आम्ही वर चढलो. काकांचा बनियन घामाने चिंब झाला. काकूंनी तो सवयीने खडकावर वाळत घातला, आणि काका उघड्या अंगावर जाकीट चढवून समोरच्या कड्यावर लेन्स रोखून बसले. "हलली! हलली!" मला तरी तो बर्फाचा तुकडा वाटत होता.

मागे खुडबुड झाली. पांढरीशुभ्र, दाढीवाली बकरी काकांचा खारट बनियन चवीने चाटत होती.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या.

बनियन तोंडात धरूनच बकरीने वळून मान वर केली. काकांनी नुसता हात वर केला. "शैलजा, एक शब्द नको!"

मी तोंड उघडणार, तर काकूंनी मला खुणेने गप्प केलं. त्यांनी पर्समधला छोटा कॅमेरा काढून एक फोटो घेतला.

गणपतीत हॉल भरला. पडद्यावर बर्फ, पुन्हा बर्फ. पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "बट व्हेअर इज द गोट, काका?" काकांचा चेहरा उतरला. मला खरंच वाईट वाटलं.

तेव्हा काकूंनी मला त्यांनी काढलेला फोटो लावायला सांगितला. पडद्यावर बकरी, तिच्या तोंडात बनियन आणि मागे काकांची पाठ. हॉल हसून लोटपोट झाला.

"मला का नाही सांगितलंस?" काका पुटपुटले. काकूंनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. काका स्वतःची पाठ बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी माईक काकूंच्या हातात दिला. "तूच सांग आता."

"दुर्मीळ कसली हो?" काकू म्हणाल्या. "अहो म्हटलं की ही वळून तरी बघते."