परदेशी कोथिंबीर

माझ्या हातून आजवर घोटाळे कमी झाले नाहीत, पण भर मांडवात प्लास्टिक चावून खायची वेळ एकदाच आली. हसू नका! आधी ऐकून तर घ्या.

सानगडीत कोंबडी भाजायची स्पर्धा होती. निखाऱ्यावर भाजायची, ताट सजवायचं, परीक्षकांपुढे ठेवायचं. तीस मार्क चवीला, दहा सजावटीला. आमची मंगला, म्हणजे माझी बायको, अशी कोंबडी भाजते की आमच्या एकोडीत शेजारी नुसत्या वासावर भात संपवतात! तिनं नाव दिलं. आणि मी? कोणी न विचारता सजावट माझ्याकडे घेतली.

"अवो, कांदा-लिंबू ठेवा अन् गप बसा," मंगला म्हणाली.

"तुले नाही समजत. ताट पाहूनच अर्धे मार्क भेटते!"

आठ दिवस मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. गाजराची फुलं केली, काकडीचं बदक केलं. बदक थोडं म्हशीसारखं झालं, ते सोडा. तरी ताट भरल्यासारखं दिसेना. मग साकोलीच्या बाजारातून फुलदाणीत ठेवतात तसल्या हिरव्या प्लास्टिकच्या पानांच्या दोन जुड्या आणल्या. स्वच्छ धुतल्या आणि कोंबडीभोवती अशा खोचल्या, की ती जंगलात दडून बसल्यासारखी दिसायला लागली. काय शोभा होती म्हणता!

तेवढ्यात भोंग्यावरून घोषणा झाली. "ताटात जे जे असंल, ते खाण्याजोगं पाहिजे! नाहीतर सजावटीचे मार्क शून्य!"

पानं उपटायला हात घातला, तर परीक्षक समोर उभे! साकोलीचे म्हातारे आचारी. झुपकेदार मिशा, डोळ्यांवर जाड चष्मा.

"वा! हे पान कोणतं होय?"

खरं सांगून टाकायचं की नाही? पण माझी जीभ माझं कधी ऐकते?

"परदेशी कोथिंबीर, काका."

"वास नाही येऊन राहिला."

"परदेशी आहे ना! तिले वास नसते."

"आणली कुठून?"

"घरचीच. धानाच्या बांधावर लावली."

मागून मंगलाला ठसका लागला. तोवर चार-पाच शेतकरी जवळ सरकले. एकानं विचारलं, "भाऊ, बियाणं भेटंल का?" दुसरा म्हणाला, "पाणी किती लागते?" मी म्हणालो, "पाणी? पाणी लागतच नाही!" ही एक गोष्ट तरी खरी होती.

काका म्हणाले, "खाऊन दाखवा बरं."

आता माघार कुठली घेता? एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं. चावतोय, चावतोय, पान जसंच्या तसं! शेवटी गालात दाबलं आणि म्हणालो, "मश्त आहे."

"मंग मी बी पाहतो," म्हणत काकांनी अख्खी काडी दातांखाली धरली. मी अडवणार कसा? माझ्या गालात पान! त्यांनी जोर लावला, काडी ओढली आणि काडीबरोबर वरची अख्खी कवळी बाहेर आली. पानांत अडकून लोंबकळायला लागली!

काकांनी कवळी सोडवली, काडी चष्म्याजवळ नेली आणि बोळक्या तोंडानं गरजले, "अबे, हे तं प्लाश्टिक होय!"

मग जो हशा उठला! बियाणं मागणारा भाऊ तर खालीच बसला. मी पान थुंकलं, हात जोडले, चुकलं म्हणालो. मंगला माझ्याकडे बघतही नव्हती. पहाटेपासून धुरात डोळे लाल करून तिनं ती कोंबडी भाजली होती हो! तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं.

काकांनी कवळी धुऊन बसवली, पानं बाजूला केली आणि एक तुकडा तोंडात टाकला. दुसरा घेतला. मग तिसरा.

निकाल लागला. चवीला तीसपैकी तीस! सजावटीला शून्य. पहिला नंबर गेला नुसता कांदा-लिंबू ठेवलेल्या ताटाला. मंगला दुसरी.

बक्षीस देताना निवेदक मोठ्या कौतुकानं म्हणाला, "वहिनी, भाऊंची मदत किती झाली, ते सांगा ना!"

मंगलानं माइक हातात घेतला.

"पहिला नंबर तीन मार्कांनी गेला," ती म्हणाली. "यायनं मदत नसती केली, तं आलाच होता."