पाडव्याला आमचा आंबा मिळणार नाही

मंडळी, आज घरात भांडून ग्रुपवर आलेय.

आमच्या बागेच्या गिऱ्हाइकांना आम्ही मोसमात ईमेल पाठवतो. यंदा कधी काय लिहायचं ते ठरवायला मुंबईहून माझे दीर आलेत. जाहिरातीच्या धंद्यातला माणूस! त्यांचं पहिलंच वाक्य तयार: 'पाडव्याला हापूस तुमच्या दारात!'

मी म्हटलं, "भावजी, आधी बागेत चला." झाडावरचं फळ दाखवलं. देठाशी अजून खळगा पडलेला नाही, म्हणजे आंबा तयार नाही. आत्ता काढला तर गवताच्या अढीत पिकवून रंग येईल, गोडी येणार नाही.

"वहिनी, पाडवा चुकला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल."

"जाऊ दे."

आमचं नेट फोनच्याच लाइनवर; मग घरात सगळ्यांना फोन उचलू नका म्हणून बजावलं, नेट लावलं आणि माझ्या मनाचं लिहिलं: 'पाडव्याला आमचा आंबा मिळणार नाही. तयार झाला की कळवू. घाई असेल त्यांनी दुसरीकडून घ्यावा.' दिलं पाठवून!

दुपारी दोघांनी ऑर्डर रद्द केली. भावजींनी "बघा!" म्हणून दाखवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी स्टेशनला निघताना भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्या साहेबांना पाडव्याची एक पेटी कबूल करून बसलोय. तेवढी द्याल ना?"

"सकाळचा ईमेल वाचा," मी म्हटलं, आणि त्यांना तसंच रिक्षात बसवलं.

सांगा, तुम्ही दिली असती?