भाऊजींचं भरलेलं ताट

आमच्या भाऊजींसारखा जेवणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात पुन्हा होणार नाही, आणि त्यांच्यासारखा न जेवणाराही होणार नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. कुडव्यात त्यांचं पाण्याच्या मोटारी विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान आहे, पण एके काळी त्यांच्या जेवणाची कीर्ती मोटारींच्या कितीतरी पुढे पोचली होती. लग्नात ते मुद्दाम शेवटच्या पंगतीला बसत, कारण मग उठा म्हणणारं मागे कोणी उभं नसतं. वांग्याच्या भाजीवर आणि भातावर त्यांचा हात चालू झाला की वाढपी आपसात पाळ्या लावत. आचारी मात्र त्यांच्यावर जीव टाकायचे. माझ्या आईला ते आमच्याकडच्या रीतीने मामी म्हणतात, ती त्यांना बापू म्हणते, आणि आईच्या लेखी जावई घरी आला तोच सण. ती सकाळपासून चुलीपुढे असायची आणि कढई रिकामी झाली तरी बापूंनी आज काही खाल्लंच नाही म्हणून हळहळायची.

मग वजन इतकं वाढलं की गुडघे कुरकुरू लागले, रक्तात साखर सापडली आणि झोपेत श्वास अडकायला लागला. ताईने हट्टाने नागपूरला नेलं. तिथे पोट लहान करून आतड्याची वाट वळवली आणि दोन वर्षांत भाऊजी अर्धे झाले. जुनी गिऱ्हाईकं दुकानात येऊन त्यांनाच विचारत, शेठ कुठे गेले? ऑपरेशनची गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. सकाळी फिरायला जातो, एवढंच सांगायचे. त्यामुळे कुडव्यातली दहा-बारा जाडी माणसं पहाटे उठून त्यांच्या मागे चालू लागली आणि तेवढीच जाडी राहिली. इथवर सगळं मजेचं होतं.

जेवण गेलं तरी जेवणावरचं प्रेम कुठे जाणार? लग्नात ते अजूनही भरलेलं ताट घेत, हात लावायच्या आधीच त्यातलं बहुतेक शेजाऱ्याला वाढत, आणि उरलेले दोन घास पंगत उठेपर्यंत चावत. दुपारी मला फोन करून आज काय केलं ते विचारत. रस्सा घट्ट की पातळ, खोबरं भाजून घातलं की कच्चं, सगळं. मी घाईत उरकायला लागले की म्हणत, "हळू सांग ना, छोटी. मी जेवून राहिलो." मी हसायची. नंतर हसू येईनासं झालं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की गोड खायचं नाही आणि जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दर महिन्याला, जन्मभर. भाऊजींनी वर्षभरात ते सोडून दिलं. "सुई बिमार माणसाले रायते. मी तं चांगला झालो, मले कायले?" असं त्यांचं म्हणणं. मोटारी बसवायला ते गावोगाव हिंडत, आणि आमच्याकडे घरात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. चहा म्हणजे साखरेचाच. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. एकदा चिचगडला एका शेतकऱ्याकडे चहा पिऊन काम केलं आणि निघता निघता घाम फुटून खाली बसले. घरच्या बाईने धावत साखरपाणी आणलं, लगेच बरं वाटलं. पुढच्या गावात पुन्हा अंधारी आली, तिथे गूळ दिला. देवरीत हॉटेलवाल्याने जिलेबी खाऊ घातली. अशा प्रेमळ माणसांनी उचलत-उचलत त्यांना घरी पोचवलं. आईला हे कळल्यावर तिने जावई आले की गुळाचा शिरा करायचा नेम धरला. मामीला नको म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. शिरा खायचे, तासाभराने ओसरीत आडवे व्हायचे, आणि आई पुन्हा गुळाचं पाणी घेऊन यायची.

शेवटी ताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोडाने साखर झपाट्याने चढते आणि तेवढ्याच झपाट्याने आपटते, म्हणून पडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि इंजेक्शनं सोडल्यामुळे पायांच्या नसा सुकत चालल्या होत्या. ताईने घरी येऊन सांगितलं तेव्हा आई चुलीपाशी बसली होती. "म्हणजे मीच पाडून राहिली होती का त्यायले?" तिने विचारलं.

आता इंजेक्शनं चालू आहेत. गेलेलं सगळं परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मोटारसायकल बंद झाली, कारण ब्रेकवर पाय आहे की नाही हे भाऊजींना खाली पाहिल्याशिवाय कळत नाही. तरी ते सगळ्यांना सांगतात की पावसाळा संपला की मी कामावर निघालो.

या मे महिन्यात ते आमच्याकडे आले होते. आईने वाटीभर मूग शिजवले होते, आणि जावयापुढे एवढीशी वाटी ठेवताना तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. हात धुवायला ते अनवाणी अंगणात गेले आणि परतताना भर उन्हात फरशीवर उभे राहून कोणत्या विहिरीला कोणती मोटार बसेल ते मला समजावू लागले. त्या फरशीवर दुपारी मांजरसुद्धा पाय ठेवत नाही. मी हाताला धरून त्यांना आत आणलं, खाटेवर बसवलं. तळवे भाजून निघाले होते. तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. आई ओलं फडकं घेऊन खाली बसली, त्यांचा एक पाय तिने मांडीवर घेतला आणि हलक्या हाताने पुसू लागली. शुद्धीत असताना भाऊजींनी सासूला पायाला हात लावू दिला नसता. इथे ते पूर्ण शुद्धीत होते, आणि माझ्याकडे पाहत पाइपाचा हिशोब सांगत होते. बऱ्याच वेळाने त्यांची नजर खाली गेली.

"मामी, तुमी कवा येऊन बसल्या जी?"

"आत्ताच," आई म्हणाली, आणि तिने दुसरा पाय मांडीवर घेतला.