झोपेतली ‘आई’

रेवा झोपेत पुन्हा ‘आई’ म्हणाली. मी वही उघडून लिहिलं, ‘आईची सारखी आठवण काढते. रुळलेली नाही.’

मी धारवाडच्या एका ड्युअल इमर्शन शाळेत नर्सरीची टीचर आहे. नाव भारदस्त असलं तरी प्रकार साधा आहे. जेवणापर्यंत सगळं कन्नडमध्ये, नंतर सगळं इंग्लिशमध्ये. भाषा शिकवायची नाही, तिच्यात राहायचं. मधे एक तास नॅप. हा तास मला फार आवडतो. निळे पडदे ओढले की खोली तळ्याच्या तळाशी गेल्यासारखी वाटते. पंखे संथ फिरतात, चौदा मुलं सतरंजीवर पसरलेली असतात आणि मधेच कुणीतरी झोपेत बोलतं. ते ऐकता ऐकता मलाही तंद्री लागते.

चार वर्षांची रेवा जागेपणी मात्र चकार शब्द काढत नव्हती. तीन आठवड्यांची ट्रायल शनिवारी संपणार होती. तिची आई मानसी वकील. तिनं फक्त इंग्लिशच्या एका शाळेत सीट धरून ठेवली होती.

“घरी मराठी, इथं आणखी दोन. पोरीची जीभच अडकली हो, मॅडम,” ती म्हणायची.

हेडमिसनी माझी वही वाचली. “नोडरी, बघा, हिला इथं जमत नाही. शनिवारी सांगून टाकू या.”

मला वाईट वाटलं. पण वहीत तसं मीच लिहिलं होतं.

गुरुवारी मी रेवाच्या शेजारीच बसले होते. ती कुशीवर वळली आणि या वेळी वाक्य पुरं झालं.

“आयी, बागला तगी. ना बंदीनि.”

दार उघड, मी आलेय. अस्सल धारवाडी कन्नड. आणि इकडच्या कन्नडमध्ये आयी म्हणजे आजी. मी मराठी घरातली, त्यामुळे तीन आठवडे मला ‘आई’च ऐकू येत होतं. सगळा जन्म धारवाडात गेला आणि एवढं सुचू नये? स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी मानसीला बोलावलं.

“घरी कन्नड कोण बोलतं?”

“कुणीच नाही.”

“मग ही झोपेत आयी कुणाला म्हणते?”

“मला तर ती मम्मी म्हणते,” मानसीनं सांगितलं. मग हळूच म्हणाली, “गंगव्वा. केलगेरीच्या जुन्या घराची आमची मालकीण. मी कोर्टात गेले की रेवा दिवसभर तिच्याकडे. आठव्या महिन्यापासून. जूनमध्ये आम्ही सप्तापूरला राहायला आलो. म्हटलं, लहान आहे, विसरेल.”

निघताना तिनं विचारलं, “झोपेत माझं नाव घेत नाही का हो?”

“अजून तरी ऐकलं नाही,” मी म्हणाले. खोटं बोलवेना.

शनिवारी मानसीच्या निरोपावरून गंगव्वा आली. चप्पल बाहेर काढून मुलांमध्ये सतरंजीवर बसली. रेवा उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग कन्नडमध्ये म्हणाली, “तू दार का उघडलं नाहीस?”

गंगव्वानं तिला जवळ ओढलं. त्यानंतर पोरीची बडबड जेवणापर्यंत थांबली नाही. हेडमिसनी दारातूनच ऐकलं आणि ॲडमिशनच्या कागदावर सही केली. मी वहीतली माझी सगळी वाक्यं खोडली. इंग्लिश दिवाळीनंतर आलं, आपल्या सवडीनं.

पुढे एका दुपारी मानसी काळ्या कोटातच नॅपला येऊन लेकीशेजारी बसली. तासभर कान देऊन बसली होती. रेवा गाढ झोपलेली, काहीच बोलली नाही.

शाळा बघायला येणाऱ्या पालकांच्या फॉर्ममध्ये ‘घरची भाषा’ असा एक रकाना असतो. तो मी आता वाचत नाही. मी विचारते, मूल दिवसभर कुणाजवळ असतं? उत्तर द्यायला बऱ्याच जणांना वेळ लागतो. मी घाई करत नाही.