हो आबा, सापडली

१९९८ च्या जूनमध्ये कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर, बंगळूरच्या गाडीत माझी ट्रंक चढवता चढवता आबांनी तिचं झाकण पुन्हा उघडलं. गाडी सुटायला आलेली, कंडक्टर ओरडतोय, आणि माझे वडील झाकणाच्या आतून चिकटवलेली यादी मला मोठ्यानं वाचून दाखवतायत. डावीकडं खाली चटणीची बरणी. उजवीकडं सर्टिफिकेटं. मधे, स्वेटरच्या घडीत, सुईदोरा. "ठेवल्याली वस्तू आपली न्हवं बाळ. सापडल्याली आपली," ते म्हणाले. अख्खी गाडी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉस्टेलवर पोचल्या पोचल्या, खोलीतल्या मुली हसायच्या आत, मी ती यादी नखानं खरवडून काढली.

आबा कसबा बावड्याला साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटबोल्टाच्या प्रत्येक खणाला त्यांचं एक कार्ड लटकलेलं असे. रिटायर झाल्यावर त्यांनी बुद्धविहारातल्या पुस्तकांना चिठ्ठ्या लावल्या, मग आईच्या डब्यांना. "आता मलाबी एक चिकटवा, म्हंजी झालं," आई म्हणायची.

मग २००६ साल आलं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ते एक संकेतस्थळ. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना आठवत असेल. तिथं आपण लिहिलेला स्क्रॅप, म्हणजे छोटासा निरोप, समोरच्याच्या पानावर पडायचा, आणि त्याचं उत्तर आपल्या पानावर. म्हणजे बोलणं दोघांचं, पण अर्धं एकाच्या घरी, अर्धं दुसऱ्याच्या. आणि दोन्ही घरांची दारं सताड उघडी. कुणीही यावं, वाचून जावं.

बावड्यातल्या सायबर कॅफेवाल्यानं आबांना खातं काढून दिलं. दर शनिवारी ते तिथं जाऊन एकेक अक्षर शोधत, सगळं कॅपिटलमध्ये, माझ्या पानावर लिहायचे. जेवलास का. पाय दुखायचा राहिला का. गप का हाईस. आमच्याकडं मुलीशीही असंच बोलतात. मीही घरी 'येतो', 'जातो'च म्हणायची. पण माझ्या बंगळूरच्या ऑफिसातल्या पुण्याच्या दोघींना ते कुठलं ठाऊक! "अगं, तुझे बाबा तुला मुलगा समजतात का?" असं विचारून त्या खो खो हसल्या. मीही हसले. जागेवर जाऊन तो स्क्रॅप पुसला.

नंतर ती सवयच झाली. आबांचं वाचायचं, त्यांच्या पानावर दोन शब्दांचं उत्तर टाकायचं, आणि त्यांचं लिहिलेलं लगेच पुसायचं. तेव्हा बरेच जण पुसायचे, असं मी स्वतःला सांगते. पण बाकीच्यांचं मी पुसत नव्हते. उलट, लोकांनी टाकलेली सुविचारांची चित्रं, पाककृती, कुणाकुणाच्या कविता मी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि फोल्डर करून ठेवायची: 'महत्त्वाचं', 'खूप महत्त्वाचं', 'नंतर वाचू'. त्यातलं एकही पुन्हा उघडलं नाही. स्टोअरकीपरची पोर, आणि कचरा जपून ठेवला.

बंगळूरहून बावडा एका रात्रीच्या प्रवासाचं अंतर. तरी येणं पुढं ढकलत राहिले. २००९ मध्ये दिवाळीला येते म्हटलं होतं. आबा त्याआधीच गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी घाईघाईनं माझं पान उघडलं. एखादा तरी पुसायचा राहिला असेल, अशी आशा होती. शेवटपर्यंत खाली गेले. पुण्याच्या दोघी होत्या, वाढदिवसाचे केक होते, फुलं होती. आबा कुठंच नव्हते. इतकी नीटनेटकी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच कामात नव्हते.

तेव्हा आईनं कपाटातून एक फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली. "तुझंच हाय सगळं. वाच की."

माझी उत्तरं होती. आबा दर शनिवारी ती कॅफेत छापून घ्यायचे आणि घरी आणून फाइलला लावायचे. मधे पुठ्ठे घालून पाडलेले भाग, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात नाव: तब्येत. काम. येणार. किरकोळ. 'येणार'चा भाग सगळ्यांत जाड. पुढच्या महिन्यात बघते. गणपतीत नक्की. सध्या जमणार नाही, आबा.

मी एकेक उत्तर वाचत गेले, आणि आई भाजी निवडता निवडता आबांचा प्रश्न सांगत गेली.

"बरा आहे आता."

"पाय इचारला आसंल."

"जेवले."

"त्ये तर दर वक्ताला."

असं करता करता आम्ही दोघी हसलोसुद्धा. घरात आबा आहेत असं वाटायला लागलं. मग 'किरकोळ'मधला एक कागद हातात आला. मी वाचला, "हो आबा, सापडली."

आईनं हातातली भाजी खाली ठेवली. "ह्ये काय मला म्हाईत न्हाय बाई. ह्ये तुमचं दोघांचंच."

मलाही आठवत नाही. सुई, किल्ली, एखादी चिठ्ठी, की नोकरी? त्यांनी काहीतरी विचारलं होतं. बावड्यात बसून, एकेक अक्षर शोधून, त्यांना माझं काहीतरी हरवल्याची काळजी वाटली होती.

आता मी दर दिवाळीला बावड्याला जाते. आता, जेव्हा 'येणार'मध्ये लावायला कुणी नाही. पोचल्यावर आधी फाइल काढते, तो कागद बघते आणि पुन्हा 'किरकोळ'मध्ये होता तिथंच लावते. आबांनी नेमून दिलेली जागा बदलायची माझी हिंमत होत नाही. घर म्हणजे माझ्यापुरतं तेवढंच उरलंय: मी दिलेलं उत्तर, जे आबांनी ठेवलं म्हणून सापडलं, आणि त्यांचा प्रश्न, जो मी पुसला.