बाबांच्या बाजूचा ब्रेक

डिचोलीच्या गॅरेजवाल्याने टेबलावर दोन खोकी ठेवली आणि म्हणाला, "हो बाजाराक वचपाक, तो धांवडावपाक. दोनूय करता असो ना."

मला नेमका दोन्ही करणारा, बाजारालाही आणि शर्यतीलाही चालणारा ब्रेक पॅड हवा होता. माझी गाडी साधी, सेकंडहँड. आठवडाभर ती मला पाळीहून ऑफिसला नेते आणि वर्षातून एखाददुसऱ्या वेळी घाट चढून पलीकडच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाते. तिथे मी कोणाशी शर्यत लावत नाही. पैसे भरते, हेल्मेट घालते आणि स्वतःच्याच मागे लागल्यासारखी गोल गोल फिरते. मागच्या खेपेला लांब सरळ पट्टीच्या शेवटी मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. साधे पॅड तापून निकामी झाले होते. गाडी बाजूच्या वाळूत जाऊन रुतली. घरी मी अवाक्षर काढलं नाही, पण आईने पायपुसण्यातली वाळू झटकताना विचारलंच, "खयच्या दर्यार गेल्लंस गो?"

म्हणून मला कडक पॅड हवे होते. पण त्यांची खोड अशी की ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. थंड असताना आळशी, शिवाय किंचाळतात. आणि मंगळवारी, शुक्रवारी त्याच गाडीतून मी बाबांना म्हापशाला व्यायामाला नेत होते.

बाबा आयुष्यभर खाणीचा ट्रक चालवत आले. दोडामार्गाकडून पाळीला आले ते त्याच कामासाठी, आणि मातीने लाल झालेले कपडे घालूनच त्यांनी आम्हाला वाढवलं. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, हात बराचसा परत आला. पाऊल मात्र आलं नाही. व्यायाम घेणारी मुलगी दर वेळी तेच सांगायची, "काका, पाऊल खाली दाबा." बाबा कपाळावर घाम येईपर्यंत दाबायचे आणि पाऊल आपलं ढिम्म. गणपती जवळ आले असताना एका शुक्रवारी परतताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चवथ झाली की हय येवचा बंद. आता माका खंय गाडी चलवची आसा? कित्याक ह्या सगळा?"

मला रडू आलं. रडू आलं की मी चिडते. त्यामुळे मी घरापर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि त्यांना वाटलं की मला पटलं.

त्याच आठवड्यात मी गॅरेजवाल्याचं न ऐकता दोन्हीच्या मधले, जरा कडकच पॅड बसवून घेतले. दोन दगडांवर पाय ठेवायची हौस, दुसरं काय.

मंगळवारी सकाळी निघालो. बाबा माझ्या शेजारी, आई मागे. घराजवळच्या उतारावर मी सावकाशच होते. वळणावरून पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल समोर आली. मी ब्रेक दाबला. पॅड थंड होते. गाडीने जरा वेळ घेतला, किंचाळली आणि सायकलपासून बरीच अलीकडे थांबली. धोका काही नव्हता, पोदेराने वळूनसुद्धा बघितलं नाही.

पण बाबा ओरडले, "गो, ब्रेक!" आणि त्याच क्षणी त्यांच्या पायाखालच्या रबरी मॅटवर धप्प आवाज झाला.

मी खाली बघितलं. बाबांचं उजवं पाऊल मॅटवर रोवलेलं होतं. टाचेपासून बोटांपर्यंत, चप्पल वाकेल इतकं जोरात.

"बाबा, पाय."

ते वाकून बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कोणाचो?"

आईने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो मुळगाव येईपर्यंत काढला नाही. वाटेत बाबांनी मुद्दाम दाबून बघितलं, पाऊल हललं नाही. पुढचा उतार आला, मी ब्रेक लावला आणि ते पुन्हा आपोआप खाली गेलं. त्या पायाला डोकं सांगत होतं ते ऐकू येत नव्हतं, उतार सांगत होता ते येत होतं. व्यायाम घेणारी मुलगी ऐकून खूश झाली. म्हणाली, असंच बोलावत राहा त्याला.

आता आली का पंचाईत? पाऊल जागं झालं होतं ते माझ्या आळशी ब्रेकमुळे, आणि बाबांना शेजारी बसवून असला ब्रेक वापरायची माझी छाती नव्हती. त्या सकाळी पोदेराच्या जागी ट्रक असता तर, हा विचार जाईना. दुसऱ्याच दिवशी मी कडक पॅड काढून साधे बसवून घेतले. गॅरेजवाला नुसता हसला.

शुक्रवारी त्याच उतारावर गाडी अलगद थांबली, अगदी शहाण्या मुलीसारखी. बाबांचं पाऊल जागचं हललं नाही.

"ब्रेक बरो केलंस," बाबा म्हणाले. "माझ्या पायाक काम उरला नाय." मग म्हणाले, "पुढच्या देवणीर घाई करू नको. पयलो मी लावतंय. मगे तू लाव."

देवण म्हणजे उतार. पुढच्या देवणीवर मी गाडी चालण्याइतक्या वेगाने नेली आणि वाट बघितली. बाबांनी समोर बघत, दात आवळून पाऊल दाबलं. ते अर्धवटच गेलं, पण गेलं. मग मी माझा ब्रेक लावला.

तेव्हापासून आमच्या गाडीला दोन ब्रेक झाले. प्रत्येक उतारावर आधी त्यांचा, मग माझा. चवथ आली आणि गेली, म्हापशाला जाणं बंद झालं नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

दोन्ही कामांना चालणारा पॅड मला अजून मिळालेला नाही. दोन खोकी ठेवली आहेत, ट्रॅकवर जायच्या आधी बदलते आणि आल्यावर पुन्हा बदलते. परवा बदलायला गेले तेव्हा बाबा काठी टेकत आपले आपण गाडीपर्यंत आले आणि माझ्याबरोबर गॅरेजला निघाले. तिथे बाकावर बसले.

गॅरेजवाल्याने डावीकडची मॅट झटकायला बाहेर काढली, तर तिला आरपार भोक. त्याने त्यात बोट घालून बघितलं.

"हे बाजूक तर ब्रेक ना. मगीर हें कोणें झिजयलें?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा बाकावरून म्हणाले, "माझ्या पायान."