मर्लबाईंचा पिंपांचा बँड

मर्ल जोसेफ १९९२ साली अमिरातीतल्या अल ऐनला आल्या तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. उंची सहा फुटांना दोन बोटं कमी आणि आवाज असा, की बाळंतीण कळा विसरून त्यांचं ऐकायची. आमच्या हॉस्पिटलात त्या प्रसूती वॉर्डच्या हेड नर्स, मी तळमजल्यावर लॅब टेक्निशियन. त्या कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावरच्या. आम्हा मराठी मंडळींना त्रिनिदाद म्हणजे फक्त क्रिकेट. माझ्या नवऱ्याने, उल्हासने, पहिल्याच भेटीत त्यांना फास्ट बोलर्सबद्दल विचारलं.

"क्रिकेटातलं मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मी पिंपं वाजवते."

आम्हाला वाटलं, आपलंच इंग्रजी कमी पडलं.

तसं नव्हतं. त्यांच्याकडे तेलाचं रिकामं पिंप घेतात, त्याचा तळ ठोकून कढईसारखा खोलगट करतात आणि त्यात एकेका सुराचा उंचवटा काढतात. रबर गुंडाळलेल्या काड्यांनी वाजवलं की जलतरंगाच्या जवळचा आवाज येतो. त्याला पॅन म्हणतात आणि अशा पॅनच्या ताफ्याला स्टील बँड. मर्लबाईंचे वडील पॅन बनवायचे, पण वाजवायचे फक्त पुरुष. चांगल्या घरच्या मुलीने तिथे फिरकायचं नाही. मर्लबाई मग घरी उलट्या पातेल्यांवर शिकल्या. पुढे नर्सिंग, लग्न, वैधव्य आणि अल ऐन.

"तेलाच्या देशात आले," त्या मला म्हणाल्या, "आणि एक पिंप मिळू नये?"

पिंप मिळालं सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत. तिथे रफिक नावाचा सियालकोटचा डेंटर होता. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगायचा, पण इंग्रजीच्या नावाने शून्य. म्हणून दुभाषी मी. मर्लबाईंनी खुणा करून काय हवं ते दाखवलं. रफिकने पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला. मला तो बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा.

"बाजी, मॅडमको बोलो, मैं बीस साल से गाडी के पोचे निकालता हूँ. ये पोचे डालने को बोल रही है."

"हां," मी म्हटलं. "लेकिन सूर में."

पहिलं पिंप कुकरच्या झाकणासारखं वाजलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याच्या वेळी मर्लबाई सूर गुणगुणायच्या, मी रफिकला सांगायची, "गंधार अजून उतरलेलाच आहे." मी मिरजेची, पेटीच्या तीन परीक्षा दिलेली, त्या परीक्षांचा आयुष्यात प्रथमच उपयोग होत होता. महिन्याभरात रफिक स्वतःच म्हणायला लागला, "बाजी, ये 'ग' थोडा बीमार है."

वर्षभरात नऊ पॅन झाली आणि नऊ बायका. दोघी मल्याळी नर्स, रेकॉर्ड विभागातली हैदराबादची सुरैय्या, मी आणि अशाच आणखी. शुक्रवारी गॅरेज बंद असायचं, तेव्हा सकाळी आमचा सराव. बायकांचा पिंपांचा बँड अल ऐनमध्ये कोणी ऐकलेला नव्हता, आम्हीही नव्हता. मर्लबाई पुढे उभ्या राहून ओरडायच्या, "मृणालिनी, ते पॅन आहे, रक्ताची बाटली नाही! भिऊ नकोस!"

पहिला कार्यक्रम १९९५च्या नोव्हेंबरात, हॉस्पिटलच्या वार्षिक समारंभात. पॅन न्यायला उल्हासने ऑफिसची पिकअप आणली.

"दोरी नीट बांधली ना?" मी विचारलं.

"मी इंजिनियर आहे," तो म्हणाला.

पहिल्याच राउंडअबाउटला दोरी सुटली. पाच पॅन खाली पडली आणि गाड्यांबरोबर गोल फिरायला लागली. एक तर अगदी शिस्तीत उजव्या लेनमधून गेलं. पोलिसाने वाहतूक थांबवली, एक पॅन उचललं, बोटाने टक् करून पाहिलं आणि चकित होऊन विचारलं, "शू हादा?" हे काय आहे? आम्ही सांगितल्यावर त्याने पाचही पॅन स्वतः गाडीत चढवून दिली. दोरीही त्यानेच बांधली.

हॉलवर पोचलो तर दोन पॅनचे सूर गेलेले. पाहुणे येऊन बसले होते. मी रडकुंडीला आले. मर्लबाईंनी सोनेरी झगा सावरला, माइक घेतला आणि शेवटच्या रांगेत इस्त्रीचा पांढरा सलवार-कमीज घालून बसलेल्या रफिकला हाक मारली. तो हातोडीसाठी पार्किंगपर्यंत पळत गेला आणि आला. मग भर स्टेजवर मर्लबाई माइकमधून सूर लावायच्या, रफिक एक ठोका द्यायचा, मी मान हलवायची: नाही. पुन्हा सूर, पुन्हा ठोका. हळूहळू लोकही माझ्याबरोबर मान हलवायला लागले. शेवटी सूर लागला तेव्हा अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. आम्ही नंतर चार चाली वाजवल्या, त्यात एक कोळीगीतही होतं. प्रमुख पाहुणे मात्र जाताना म्हणाले, पहिला आयटम सर्वांत छान.

१९९८मध्ये मर्लबाईंनी कॅसेट काढायचं ठरवलं. "वडिलांचं एकही रेकॉर्डिंग नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांनी ऐकलं ते गेले की खलास." पैसे त्यांचे, मशीन उसनं आणि स्टुडिओ म्हणजे आमच्या घरचा हॉल. भिंतींना गाद्या लावल्या. आवाज येतो म्हणून जुलैत एसी बंद. घामाने काड्या हातातून निसटत होत्या. सर्वांत चांगला टेक संपत आला आणि दार धरून उभा असलेला उल्हास शिंकला.

"पुन्हा करू," तो ओशाळून म्हणाला.

"मुळीच नाही," मर्लबाई म्हणाल्या. "शिंक तालात आली आहे."

कॅसेटी छापून आल्या तेव्हा आमची आठ वर्षांची अस्मी कव्हर वाचून ओरडली, "आई, दे गॉट द स्पेलिंग रॉंग! धिस स्टील मीन्स चोरी!" स्टीलच्या स्पेलिंगमध्ये ee ऐवजी ea पडून पाचशे कव्हरांवर आम्ही चोरांचा बँड झालो होतो. मर्लबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. कॅसेट दहा दिरहॅमला, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आत. चांगली खपली. पठाण टॅक्सीवाले ती लावायचे, आणि शिंक आली की मागे वळून पॅसेंजरकडे बघायचे.

२००३ साली मर्लबाई साठ वर्षांच्या झाल्या. नोकरी संपली, व्हिसा संपला. विमानतळावर आम्ही सगळ्या रडलो. रफिकने त्यांच्या हातात एक लहान पॅन दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मर्लबाईंनी बँड माझ्यावर सोपवला. मी म्हटलं, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तरी कर."

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही गॅरेजात जमलो आणि फार वाईट वाजवलं. सुरैय्याने त्यांना फोन लावला आणि रिसीव्हर पॅनसमोर धरला. त्रिनिदादला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पलीकडून झोपाळू आवाज आला, "घाई करताय. परत." आम्ही परत वाजवलं. तेव्हापासून सराव सकाळचा दुपारी चारवर नेला, कारण तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि त्यांचा चहा झालेला असतो.